गिअरबॉक्सला शेवटचा हात कोणाचा

रायपूरमध्ये आमच्या विहारात रविवारची वंदना आटोपली की चपला शोधता शोधता लोक दोन माणसांना गाठतात. एक आमच्यातले हाडांचे डॉक्टर, आणि दुसरी मी. डॉक्टरांना गुडघे दाखवतात आणि मला गाडीचे आवाज काढून दाखवतात. “प्रतिभादीदी, सकाळी सकाळी अशी घुर्रर्र करते, मंग आपोआप ठीक होते.” कोणी रेल्वेतला, कोणी प्लांटमधला, कोणी नव्या रायपूरच्या ऑफिसातला साहेब, आणि भर दारात उभा राहून तोंडाने गिअर पडल्याचा आवाज काढतोय. मला हे फार आवडतं. पुष्कळदा मी मुद्दाम पुन्हा एकदा काढायला लावते.

हल्ली या आवाजांच्या मागे एकच प्रश्न असतो. गाडी ऑटोमॅटिक आहे, गिअरबॉक्सचं तेल बदलायचं आहे, कोणाकडे करू? कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, पाऱ्यातल्या, म्हणजे आपल्या मोहल्ल्यातल्या, ओळखीच्या मिस्त्रीकडे, की भनपुरीच्या ट्रकवस्तीतल्या गिअरबॉक्सवाल्याकडे? विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. मी नाव देत नाही, उलटे प्रश्न विचारते, म्हणून काही लोक मला शिष्ट समजतात. पण मलाच याचं उत्तर सापडायला नोकरी संपून वर एक उन्हाळा जावा लागला, त्याला मी काय करू?

माझे वडील रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत होते. त्यांच्या हाताला येणारा ग्रीसचा वास मला लहानपणी अत्तरासारखा वाटायचा, म्हणून मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल घेतलं आणि एका कार कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणून लागले. नाव इंग्रजी असलं तरी काम दुभाष्याचं. गाडीवाला दुखणं आपल्या भाषेत सांगतो, ते मिस्त्रीला त्याच्या भाषेत सांगायचं. मिस्त्रीने काय केलं ते परत गाडीवाल्याला समजेल असं सांगायचं. सुरुवातीला लोक काउंटरवर येऊन माझ्या खांद्यावरून मागे बघायचे आणि विचारायचे, “भैया कहाँ हैं?” मी म्हणायची, “भैया मैं ही हूँ, बताइए.” मग ते थोडा वेळ उगाच टायरबद्दल बोलत राहायचे.

आधी हे तेल करतं काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. साध्या गाडीत आपण डाव्या पायाने क्लच दाबतो आणि हाताने गिअर टाकतो. ऑटोमॅटिकमध्ये या दोन्ही कामांना तेलाला जुंपलेलं असतं. आत एक पंप असतो. तो तेल दाबतो, दाबलेलं तेल आतल्या चकत्या एकमेकींवर घट्ट दाबून धरतं आणि गाडी चालते. इंजिनाचं तेल घर्षण कमी करतं, पण हे तेल गाडी हलवतं. ते कमी पडलं तर पंप तेलासोबत हवाही ओढतो, आणि हवेच्या जोरावर काही त्या चकत्या धरून ठेवता येत नाहीत. मग तुम्ही डी, म्हणजे पुढे जायचा गिअर, टाकता, इंजिन ओरडतं आणि गाडी विचार करत जागच्या जागी उभी राहते.

ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्यांत मात्र हे तेल नसतं. पंडरीचे एक कापडवाले शेठ एकदा लाल तेलाचा सीलबंद डबा काखेत मारून आले. “दीदी, ये डालना है. छोटे भाई की गाड़ी में यही डला है.” मी पाहिलं तर त्यांच्या गाडीत साधाच गिअरबॉक्स होता, फक्त क्लच दाबायला पायाऐवजी एक यंत्र बसवलेलं. त्यात ते लाल तेल घालणं म्हणजे गिअरबॉक्सचा सत्यानाश. मी समजावून सांगितलं, गाडी वर उचलून दाखवली. शेठचा चेहरा पडला. तेल चुकीचं निघालं याचं त्यांना दुःख नव्हतं, धाकट्या भावाच्या गाडीत आहे ते आपल्यात नाही, याचं होतं. जाताना म्हणाले, “तो इस डिब्बे का क्या करूँ?” मी म्हटलं, दुकानाच्या शटरला घाला. त्यांनी खरंच घातलं. पुढे पुष्कळ दिवस भेटले की आवर्जून सांगायचे, शटर एकदम मख्खन.

दुसऱ्या एक बाई होत्या, सरकारी अधिकारी. त्यांच्या गाडीच्या पुस्तकात छापलं होतं की हे तेल गाडीच्या आयुष्यभराचं आहे, बदलू नये. त्यांनी पुस्तक माझ्यासमोर उघडलं आणि शांतपणे विचारलं, “आयुष्य म्हणजे नेमकं किती?” मला त्या बाई फार आवडल्या. आमच्याकडे कंपनीकडून शिकवायला साहेब आले तेव्हा मी तोच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. साहेब हसले आणि त्यांनी आणखी एक चहा मागवला. तेव्हापासून मी स्वतःच बघू लागले, कुठल्या गाडीतलं तेल किती काळं निघतं, वास कसा येतो, आणि कोणत्या गाड्या परत येतात.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढची गोष्ट तिच्यावरच उभी आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला जो सगळ्यात शेवटी हात लावतो, त्याच्या नावावर तो चढतो. आधी कोणी काय करून ठेवलंय, हे कोणी विचारत नाही. पुढे कधीही तो बसला की बोट त्या शेवटच्या माणसाकडे. त्यामुळे अशी गाडी आली की रायपूरमधला कोणताही मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी विचारतो, “पहले किसने खोला?” आधी तीन-चार जणांचे हात लागलेले असतील तर तो गाडीकडे लांबूनच पाहतो आणि म्हणतो, “चल रही है न? तो चलने दो.” यात भित्रेपणा नाही. नवा गिअरबॉक्स म्हणजे काय आकडा असतो ते ज्याला माहीत आहे, तो असाच वागणार.

मी निवृत्त झाले त्यानंतरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. सुनंदाकाकू वासनिक समता कॉलोनीत एकट्या राहतात. सरकारी दवाखान्यात मेट्रन होत्या. आवाज अजून तसाच आहे, त्या “बस” म्हणाल्या की उभा माणूस बसतो. जुन्या अपघातात डावा पाय मोडलेला, घोट्यात लोखंड आहे, क्लच दाबता येत नाही. मुलाने, प्रशांतने, त्यांना ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली आणि मग तो पुण्याला नोकरीला गेला. त्या गाडीवर काकूंचं सगळं चालतं. भनपुरीकडच्या एका पाऱ्यात त्या आठवड्यातून काही दिवस जातात, बायांचं बीपी बघतात, बाळंतिणींना दटावतात, कोणाची जखम धुतात. कोणी सांगितलेलं काम नाही, पण त्या नाही गेल्या तर तिथल्या बाया फोन करतात.

जूनच्या सुरुवातीला एके सकाळी काकू रिक्षाने माझ्याकडे आल्या. त्या रिक्षाने आल्या, तेव्हाच मला समजलं की काहीतरी बिनसलं आहे.

“काय व प्रतिभा, तुले गिअरचं समजते म्हणे. मंग माह्या गाडीले काय झालं ते सांग. रिव्हर्स टाकला तं आयकतच नाही. थांबते, थांबते, आन् मंग एकदम धक्का देते. काल फाटकातून उजवीकडे वळवली तं अर्ध्या रस्त्यात नुसती ओरडत उभी. मागून ट्रक.”

“कोणाला दाखवली काकू?”

“दाखवायचं कोणाले बाकी नाही ठेवलं. कंपनीत झालं, तो आपला साहू झाला, भनपुरीचा करीमभाई झाला. आता सगळे म्हणून राहिले, चलने दो. आन् कंपनीवाला म्हणते, नवीन बसवा.”

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. प्रशांत येणार होता. येतानाचं तिकीट एकाचं होतं, परतीची दोन काढली होती. आईने आता पुण्यात आपल्याकडे राहावं, असं तो पुष्कळ दिवसांपासून म्हणत होता. काकू टाळत होत्या आणि दरवेळी गाडी मध्ये घालत होत्या: मी चालवते न, मले कोणाची गरज नाही. आता त्याने गाडीचंच ऐकलं होतं.

“नवीन गिअरबॉक्स मी बसवत नाही, तेवढ्या पैशात माह्यं म्हातारपण निघून जाईन. पण गाडी बसली तं मले बोलाले तोंड नाही राहत. गाडी गेली तं मीही गेली समज.”

त्या रडल्या नाहीत. पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, आणि मेट्रनबाईंना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी माझ्या डोक्यात किडाही वळवळायला लागला होता. तीन चांगले कारागीर, तिघांचे हात लागले, आणि गाडी प्रत्येक हाताबरोबर बिघडत गेली. हे कसं?

तिघेही माझ्या ओळखीचे. मी एकेकाकडे गेले, भांडायला नाही, नुसतं विचारायला.

आधी माझं जुनं वर्कशॉप. तिथले सुपरवायझर तिवारीजी माझ्याच हाताखाली शिकलेले, सज्जन माणूस. एप्रिलमध्ये तेल त्यांनीच बदललं होतं, तेलही बरोबर जातीचं होतं. “दीदी, सब आपके टाइम का ही तरीका है. लेवल का बोल्ट खोला, थोड़ा एक्स्ट्रा था, निकल गया, बंद कर दिया.”

हा बोल्ट म्हणजे काय ते सांगते. या गाड्यांत तेल मोजायला पट्टी नसते. गाडी सपाट उचलायची, इंजिन सुरू ठेवायचं आणि गिअरबॉक्सच्या खालचा एक बोल्ट उघडायचा. जास्तीचं तेल आपोआप वाहून जातं. धार थेंबांवर आली की बोल्ट बंद करायचा, तेल बरोबर झालं. म्हणजे तिवारीजींनी काही चुकीचं सांगितलं नव्हतं.

तेल बदलल्यावर काही दिवसांनी सकाळी गाडी किंचित झटका द्यायला लागली, म्हणून काकूंनी मे महिन्यात घराजवळच्या साहूजींना दाखवली. साहूजी पूर्वी जुन्या, पट्टीवाल्या ऑटोमॅटिक गाड्या करत. हाताने नेटका माणूस, हत्यार वापरलं की पुसून ठेवणार. ते म्हणाले, “कंपनीवाले ज्यादा भर देते हैं दीदी. मैंने बोल्ट खोला तो कितना सारा बाहर आया. मैंने लेवल कर दिया.”

“गरम करून पाहिलं?”

“हव दीदी, बने गरम करके देखे हंव.” आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तांदूळ धुतले का म्हणून विचारलं होतं.

झटके वाढले. मग नौतप्यात, म्हणजे आमच्याकडचे ते भट्टीतले दिवस, गाडी भनपुरीला करीमभाईंकडे गेली. ट्रकच्या वस्तीत त्यांचं गिअरबॉक्सचं यार्ड आहे. करीमभाई पान लावत म्हणाले, “साहू ने ज़्यादा छोड़ रखा था. मैंने बराबर किया.”

मी तिथल्या पत्र्याखाली उभी होते. दुपार होती. डोक्यावरचा पत्रा एवढा तापलेला की खाली उभं राहिलं तरी टाळू भाजत होती, करीमभाईंचा पाना जमिनीवर पडला होता तो मी उचलायला गेले आणि चटका बसून सोडला. आणि त्या चटक्याबरोबर मला हसू आलं.

“करीमभाई, तुम्ही पण दुपारीच बघितलं ना? असंच?”

“तो क्या आधी रात को देखता?”

तो बोल्ट उघडताना तेल ठरावीक तापमानाला असावं लागतं. पुष्कळ गाड्यांत ते चाळीसच्या आसपास. तेल तापलं की फुगतं, म्हणून हे बंधन. आता ज्याने हे पुस्तक लिहिलं त्याने मे महिन्यातलं रायपूर पाहिलेलं नसावं. आमच्याकडे इंजिन सुरू करण्याआधी, नुसती उन्हात उभी असलेली गाडीच तेवढी तापते. दूध उतू जातं तेव्हा भांड्यात दूध जास्त झालं असं कोणी म्हणत नाही, गॅस बंद करतो. इथे मात्र तिघांनीही उतू गेलेलं तेल जास्तीचं म्हणून मोजलं, आणि गाडी थंड झाली की आत तेल कमी पडायचं. एप्रिलच्या दुपारी तिवारींनी फुगलेलं तेल काढलं, मेच्या दुपारी साहूजींनी आणखी फुगलेलं काढलं, आणि नौतप्यात करीमभाईंनी उरलंसुरलं बराबर केलं. प्रत्येकाला आधीच्याची चूक डोळ्यांनी दिसली, धारेने दिसली, आणि प्रत्येकाने ती मनापासून सुधारली. कोणी कामचुकारपणा केला असता तर गाडी बरी राहिली असती.

तिवारीजींना मी फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, “दीदी, स्कैनर पे टेम्परेचर दिखता है हमको. पर ठंडी होने का इंतज़ार करें तो शाम तक एक ही गाड़ी निकलेगी.” हेही खरंच होतं. मी त्या काउंटरवर उभी राहिलेली आहे. मागे लोक घड्याळ दाखवत असतात.

आता प्रश्न परत तोच, पण या वेळी खरा: करायचं कोणाकडे? तिवारीजींचं वर्कशॉप उघडतं तेव्हा ऊन पत्र्यावर आलेलं असतं. साहूजींकडे गाडी सपाट उचलायची सोय नाही, ते जॅक लावून खाली शिरतात, आणि तापमान बघायचं यंत्रही नाही. करीमभाईंकडे दोन्ही आहे, शिवाय घर यार्डाच्याच मागे, म्हणजे पहाटे काम होऊ शकतं. आणि त्यांच्याकडे एक अवाढव्य कूलर आहे, लग्नाच्या मांडवात लावतात तसला, जो ते दुपारी स्वतःच्या पाठीला लावून बसतात.

करीमभाई ऐकायला तयार नव्हते. “दीदी, आपकी बात सही होगी. पर ये गाड़ी इतने दिन कम तेल में चली है. अंदर की प्लेटें जल गई होंगी तो तेल भरते ही बैठ जाएगी. और नाम किसका? मेरा. आखिरी हाथ मेरा.”

ही भीती खोटी नव्हती. उपाशी चाललेल्या गिअरबॉक्समध्ये आतल्या चकत्या जळलेल्या असू शकतात, आणि तसं असेल तर मग कितीही तेल भरा, उपयोग नाही. मी काकूंना हे स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, “पेशंट टेबलावर घेतल्याबिगर काय समजते? घ्या.”

मग मी करीमभाईंना म्हटलं, शेवटचा हात माझा. बोल्ट मी बंद करीन. कोणी विचारलं तर सांगा, प्रतिभादीदीने केलं. इतकी वर्षं मी लोकांना काय करायचं ते सांगितलं, गाडीखाली जाऊन शेवटचा पाना माझ्या हाताने कधी फिरला नव्हता. करीमभाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “साड़ी में?”

मी सलवार घालून गेले.

गाडी आदल्या संध्याकाळपासून यार्डात होती, कूलरच्या तोंडासमोर उभी केलेली. पहाटे आम्ही पोचलो तेव्हा भनपुरीचे ट्रक नुकते जागे होत होते, आणि तो कूलर एका गाडीला गार वारा घालत होता. शेजारचे दोन ड्रायव्हर दात घासत घासत ते बघायला आले. एकाने विचारलं, “किसकी बारात है?” करीमभाईंनी त्याला हाकललं नाही, उलट त्यांचा उत्साह आता माझ्याहून जास्त होता. त्यांनी आधी खालून थोडं तेल पांढऱ्या कापडावर घेतलं, बोटांत चोळलं, नाकाशी नेलं, आणि मग कापड माझ्या नाकाशी धरलं. जळका वास नव्हता.

“अभी जान है,” ते म्हणाले.

काकू लोखंडी खुर्चीवर बसून होत्या. बीपीचं यंत्र त्यांच्या पिशवीत असतंच. वेळ जाईना म्हणून त्यांनी करीमभाईंचं बीपी घेतलं, ते वाढलेलं निघालं, आणि त्यांनी पानाच्या तंबाखूवरून त्यांना असं झापलं की ते पान थुंकून आले.

गार गिअरबॉक्समध्ये आम्ही तेल भरलं. त्याच जातीचं सीलबंद तेल तिवारीजींनी पाठवलं होतं. करीमभाई पंप मारत होते आणि तेल जातच होतं. एक डबा संपला, दुसरा उघडला. “या अल्लाह,” करीमभाई पुटपुटले, “हम तीनों ने मिलकर इतना निकाला?” मग इंजिन सुरू केलं, काकूंनी ब्रेकवर पाय ठेवून गिअर सगळीकडे फिरवला, त्या उतरल्यावर गाडी वर घेतली आणि मी खाली गेले. करीमभाई स्कॅनर बघून तापमानाचे आकडे ओरडत होते. ठरलेल्या आकड्याला मी बोल्ट उघडला. तेलाची धार हातावर आली, कोमट, लालसर. धार बारीक झाली, तुटली, थेंब झाले.

“बंद करो दीदी, बंद करो! चढ़ रहा है!”

मी बोल्ट आवळला.

गाडी खाली आली. काकूंनी आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं आणि रिव्हर्स टाकला. गाडी कसलीही कुरकुर न करता मागे आली. त्यांनी ती फाटकातून उजवीकडे वळवली, ट्रकच्या रांगेमधून नेली आणि रस्त्याला लागल्या, त्या परत येईचनात. आम्ही वाट बघत बसलो. करीमभाईंना वाटलं कुठेतरी बसली गाडी. काकू आल्या तेव्हा मागच्या सीटवर एक बाई आणि तिचं बाळ होतं. “एवढ्या लवकर आली होती तं पाऱ्यात चक्कर टाकली. याले ताप आहे, दवाखान्यात नेऊन राहिली,” त्या म्हणाल्या आणि निघूनही गेल्या. आभार वगैरे काही नाही. करीमभाई मला म्हणाले, “आखिरी हाथ मेरा भी लिख लेना दीदी.”

प्रशांत आला तेव्हा त्याला आणायला काकू स्वतः गेल्या. दोन दिवसांनी दोघं माझ्याकडे आले. हा पोट्टा पुण्यात राहतो, तरी आईशी हिंदीतच बोलतो.

“आंटी, गाड़ी तो आपने ठीक कर दी,” तो मला म्हणाला. त्यात तक्रार होती की कौतुक, मला समजलं नाही. मग काकू आत चहाला गेल्या तेव्हा तो हळूच म्हणाला, “सुबह मम्मी फोन नहीं उठाती तो मैं ऑफिस में बैठा-बैठा पता नहीं क्या-क्या सोच लेता हूँ. बाद में पता चलता है, गाड़ी चला रही थीं.”

मी गाडी दुरुस्त केली होती, त्याची काळजी मात्र मिटवली नव्हती. उलट एक प्रकारे वाढवली होती. मला ते लागलं.

काकू बाहेर आल्या. त्यांनी ऐकलं असावं. “तू मले सातव्या मजल्यावर नेऊन बसवशीन. तेथी कोणाचं बीपी पाहू मी? लिफ्टचं?”

“और आपको कुछ हो गया तो?”

“झालं तं हिले फोन करीन.” त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी गिअरबॉक्सवाली बाई. पण मी मान डोलावली.

प्रशांत एकटाच परत गेला. जाताना त्याने मला विचारलं की पुढच्या वेळी हे तेलाचं काम कोणाकडे करायचं. मी सांगितलं, जो गाडी थंड होईपर्यंत थांबेल त्याच्याकडे, मग तो कंपनीतला असो की भनपुरीतला. आणि शक्यतो थंडीत, म्हणजे कूलर लागत नाही. त्याने ते फार लक्ष देऊन ऐकलं.

दिवाळीच्या थोडं आधी काकूंचा फोन आला.

“प्रतिभा, ते तेलाची लेव्हल दरसाल पाहा लागते काय व?”

“नाही काकू. गळत नसेल तर एकदा बरोबर भरलं की बघायची गरज नसते. आता एकदम तेल बदलायचं तेव्हाच, त्याला अजून वर्षं आहेत.”

“असं होय,” त्या म्हणाल्या, पण फोन ठेवेनात.

“काहून काकू, काही त्रास देते का?”

“नाही. गाडी चांगली आहे.” मग जरा खाकरून म्हणाल्या, “प्रशांत विचारत होता. थंडीत पाहा लागत असन तं मी सुट्टी टाकतो म्हणे, साहूवर सोडू नको म्हणे, मी स्वतः उभा राहतो.”

गरज नसलेलं काम मी आयुष्यात कोणाच्या गाडीवर लिहिलेलं नाही. वरिष्ठ रागावले, तरी नाही.

“पाहावी लागते काकू,” मी म्हटलं. “दरवर्षी. डिसेंबरात.”

“होय का? एका दिवसात होते?”

“छे. गाडी पूर्ण थंड व्हावी लागते. आठवडा धरा.”